फ्री डिशवर तेच तेच सिनेमे का? आणि मराठी सिनेमा तिथे द्यायचा तर काय लागतं?

विडीघरकुल (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या पूर्व भागात घरोघरी फ्री डिश आहे आणि टीव्ही दिवसभर चालू असतो. त्यावरून चार प्रश्न पडलेत, जाणकारांनी सांगावं.

एकच तेलुगू मारधाडपट रात्री लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागतो आणि पंधरा दिवसांनी भलत्याच वाहिनीवर दिसतो. हे नक्की घेतात कसं? दुसरं, तोच सिनेमा हिंदीत मिळतो, मराठीत का नाही? (इथं अर्ध्या गल्लीला मूळ तेलुगूच कळतं, ती गोष्ट वेगळी.) तिसरं, तुर्की आणि कोरियन मालिका फुकट वाहिन्यांवर टिकत का नाहीत?

चौथा खरा कामाचा. ओळखीच्या एका कुटुंबाकडे दोन मराठी सिनेमे आहेत. एक १९९३ चा, वडिलांनी काढलेला. प्रिंट आहे, कागद अर्धवट. दुसरा २०१८ चा, 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा. फ्री टू एअर (फुकट दिसणाऱ्या) वाहिनीला द्यायचे तर सुरुवात कुठून करायची? 'ओळख असेल तर होतं' एवढंच उत्तर नको ओ, ते इथंही मिळतंय.

करारपान

पहिल्या प्रश्नापासून. वाहिनी सिनेमा विकत घेते असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती घेते तो ठरावीक मुदतीसाठी दाखवायचा परवाना. त्यात मुदत किती, रन किती, कुठल्या भाषेतली आवृत्ती, कुठला प्रदेश आणि हक्क एकट्या त्या वाहिनीचे की इतरांनाही देता येतील, एवढं ठरतं. यातला 'रन' हा शब्द नीट समजून घ्या. एक रन म्हणजे एकदा दाखवणं असं क्वचितच असतं. करारात बहुधा लिहिलेलं असतं की पहिल्या प्रसारणानंतर २४ किंवा ४८ तासांच्या आत पुन्हा दाखवलं तर तो त्याच रनचा भाग. म्हणून रात्री नऊचा सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो. ती वाहिनीची चूकभूल नाही, फुकटात मिळालेला दुसरा खेळ आहे.

पंधरा दिवसांनी दुसरीकडे दिसतो, कारण जुन्या सिनेमांचे हक्क बऱ्याचदा नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, विकले जातात. मधला व्यापारी (शेमारू, अल्ट्रा, गोल्डमाइन्स ही यातली माहीत असलेली नावं) निर्मात्याकडून लांब मुदतीचे किंवा कायमचे हक्क एकरकमी घेतो आणि पुढे तीन-चार वाहिन्यांना तुकड्यातुकड्यांनी देतो. शिवाय सुटा सिनेमा कमीच विकला जातो, विकलं जातं ते पॅकेज. वीस-पंचवीस नावांत चार चालणारी, आठ बरी आणि बाकीची भरताड. वाहिनीला पहिली चार हवी असतात, पण पैसे सगळ्यांचे मोजलेले असतात, मग भरताड पहाटे तीनला आणि सकाळी सहाला लावून रन संपवायचे.

नवा सिनेमा फुकट वाहिनीवर उशिरा येतो त्याचं कारण रांग. आधी चित्रपटगृह, मग ओटीटी, मग त्याच नेटवर्कची पैसे भरून बघायची वाहिनी, तिथे प्रीमियर आणि काही फेऱ्या झाल्या की मग फुकट भावंडाची पाळी. मोठी नेटवर्क हक्क 'नेटवर्क'साठीच घेतात, एका वाहिनीसाठी नाही.

डब सिनेमात आणखी एक अडचण असते ती रिमेकची. डबिंगचे हक्क वेगळे, रिमेकचे वेगळे, सॅटेलाइटचे (म्हणजे टीव्हीवर दाखवायचे) वेगळे. एखाद्या तेलुगू सिनेमाचा हिंदी रिमेक होणार असेल तर रिमेकवाले अट घालतात की आमचा प्रदर्शित होईपर्यंत डब आवृत्ती थांबवा. २०२२ च्या जानेवारीत अल्लू अर्जुनच्या एका सिनेमाची हिंदी आवृत्ती चित्रपटगृहात येणार होती. रिमेक करणाऱ्यांच्या सांगण्यावरून ती मागे घेतली गेली आणि फेब्रुवारीत थेट ढिंचॅक वाहिनीवर लागली. प्रेक्षकाला वाटतं सिनेमा गायब झाला, प्रत्यक्षात तो कराराच्या एका ओळीत अडकलेला असतो.

चौथ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर उद्या लिहितो. तोवर त्या कुटुंबाला एवढंच सांगा की सेन्सॉर प्रमाणपत्रावर 'अर्जदार' म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा.

एफपीसीचं टेबल

करारपान यांनी खरेदी सांगितली, मी वेळापत्रक सांगतो. 'तेच तेच' का, याचा हिशेब कागदावर मांडला की रागच जातो.

चित्रपट वाहिनीचा दिवस तीन-तीन तासांच्या आठ स्लॉटचा धरा. आठवड्याला ५६, वर्षाला २९०० च्या वर. आता समजा वाहिनीकडे ३०० सिनेमे आहेत. म्हणजे प्रत्येक सिनेमा सरासरी नऊ-दहा वेळा लागणारच. आणि सरासरी कोणीच पाळत नाही. चालणारे चाळीस सिनेमे प्राइम टाइमला फिरतात, उरलेले बाकीच्या वेळी. मग तुम्हाला रोज तोच हिरो दिसला तर नवल काय?

तीनच तास का? नियमाने घड्याळाच्या एका तासात जाहिराती जास्तीत जास्त १२ मिनिटं, त्यात १० मिनिटं व्यावसायिक आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांचे प्रोमो. तीन तासांत ३६ मिनिटं गेली की सिनेमाला १४४ उरतात. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा त्यात नीट बसतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि आपलं प्रसारण २५ च्या हिशेबाने चालतं. चौकटीला चौकट लावून चालवला तर १४० मिनिटांचा सिनेमा साधारण १३४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. जाणत्या कानाला जुनी गाणी टीव्हीवर जरा वरच्या सुरात वाटतात ती यामुळेच. पावणेतीन तासांचा सिनेमा आला की मग कात्री. पहिलं जातं ते एखादं गाणं, मग विनोदी उपकथा, आणि शेवटच्या श्रेयनामावलीला तर कोणी विचारतच नाही.

ब्रेक सारख्या अंतराने टाकत नाहीत. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं मोकळी सोडायची, माणूस गोष्टीत अडकला की पहिला ब्रेक. उत्तरार्धात ब्रेक दाट होतात, कारण तिथे आलेला प्रेक्षक शेवट बघितल्याशिवाय उठत नाही. ब्रेक संवादाच्या मध्यात पडला की समजावं, सेगमेंट करणाऱ्याने (ब्रेकसाठी तुकडे पाडणाऱ्याने) सिनेमा न बघता नुसत्या वेळेवर कापलाय. हा आळशीपणा फुकट वाहिन्यांवर जास्त दिसतो.

फुकट वाहिनीला वर्गणीचा रुपया मिळत नाही, सगळं जाहिरातीवर. उलट फ्री डिशवर जागा मिळवायला लिलावात बोली लावून वर्षाची फी भरावी लागते. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला तुमच्या यादीतल्या वाहिन्या येतात-जातात. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या चारही नेटवर्कनी आपल्या फुकट वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या. त्या काळात मैदान दंगलसारख्या वाहिन्यांना मोकळं मिळालं.

आता एका खेळाचा हिशेब, आकडे नुसते समजण्यापुरते. सहा लाखांना २० रन घेतले तर रनला ३०,००० पडले. तीन तासांत व्यावसायिक जाहिराती ३० मिनिटं, म्हणजे दहा सेकंदांचे १८० स्पॉट. दर २०० रुपये आणि ७० टक्के भरले तर २५,२०० आले. पहिल्या खेळात तोटा, सकाळचा फुकट खेळ धरला तर नफा. खरेदीवाल्यांना २४ तासांच्या त्या अटीसाठी भांडताना बघितलं तर कारण हे.

रेटिंगचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि बार्कचे (टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे पुढच्या गुरुवारी येतात. त्यावरून एफपीसी, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट, बदलतो. मात्र दोन-तीन आठवड्यांचा चार्ट आधीच जाहिरातदारांकडे गेलेला असतो, त्यामुळे आकडा पडला म्हणून उद्या सिनेमा बदलत नाही. हुकमी सिनेमाही रोज लावता येत नाही. महिन्याच्या आत तोच सिनेमा त्याच वेळी आला की आकडा उतरतो, म्हणून अंतर ठेवतात, आणि वेळ बदलून लावतात.

सोलापूरकरांना पटेल असा एक मुद्दा. दुपारचा स्लॉट बघण्यापेक्षा ऐकला जातो. विड्या वळताना, टॉवेलच्या कडा शिवताना नजर हातावर असते. म्हणून दुपारी संवादांवर चालणारा कौटुंबिक सिनेमा लावतात आणि मारधाड रात्री. आषाढी एकादशीचं गणित तर पंढरपूरच्या जिल्ह्यात सांगायला नकोच. त्या आठवड्यात प्रत्येक मराठी वाहिनीला विठ्ठलाचा सिनेमा हवा असतो, आणि जुने संतपट नॉन-एक्सक्लुझिव्ह असल्याने एकच सिनेमा दोन ठिकाणी लागू शकतो. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. 'संत तुकाराम' १९३६ चा, तो केव्हाच मुदतीबाहेर गेला. तरी दाखवायला चांगला मास्टर (प्रसारणाच्या दर्जाची प्रत) हातात लागतो, आणि तो ज्याच्याकडे त्याचीच चलती.

साउंडपट्टी

मराठी डबबद्दल मी बोलतो. डबिंगला आधी एम अँड ई ट्रॅक लागतो, म्हणजे संवाद वगळून उरलेलं संगीत आणि आवाज. नव्या तेलुगू सिनेमांचा तो तयार मिळतो. जुन्यांचा नसतो, सगळं एकाच पट्टीवर मिसळलेलं असतं. मग दार, पाऊल, गाडी, पाऊस सगळं पुन्हा करा, पार्श्वसंगीत नव्याने भरा. तरी कुठेतरी मूळ नटाचा हुंकार राहून जातो. स्वस्तातल्या डबमध्ये मारामारी सुरू झाली की मागचं संगीत एकदम बदलतं ना, ते हेच.

खर्च भाषेनुसार फारसा बदलत नाही, प्रेक्षक बदलतो. हिंदी डब एकदा केला की सगळ्या हिंदी पट्ट्यात, महाराष्ट्र धरून, चालतो. मराठी डब फक्त महाराष्ट्र-गोव्यात. आणि आपला प्रेक्षक हिंदीही बघतो, त्यामुळे मराठी डबने नवा माणूस कमी येतो. प्रयत्न झालेत. २०२१ च्या दिवाळीत शेमारू मराठीबाणावर 'बाहुबली' मराठीत लागला, अमोल कोल्हेंच्या आवाजात. पण तेवढं नाव असलं की परवडतं, कुठल्याही मारधाडपटाला नाही. शिवाय प्रत्येक डब आवृत्तीला सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. तेलुगूचं आहे म्हणून मराठीचं झालं असं नाही.

परदेशी मालिकांचं दुखणं लांबीचं. कोरियन मालिका धरा १६ भागांची, भाग ६५ मिनिटांचा. एकूण १०४० मिनिटं. आपल्या अर्ध्या तासात मजकूर २३ मिनिटं, म्हणजे ४५ भाग. सोमवार ते शनिवार लावली तर साडेसात आठवड्यांत खेळ खल्लास. प्रेक्षकाला सवय लागते न लागते तोवर मालिका संपली. तुर्की मालिका उलट्या टोकाच्या. मूळ भाग दोन-सव्वादोन तासांचे, परदेशी विक्रीसाठी ४५ मिनिटांचे कापलेले, आणि आपल्याकडे ते पुन्हा अर्धे करायचे. दोनदा तोडलेल्या भागाचा शेवट कुठेही येतो, उत्कंठेवर नाही. वर बाकीचं ओझं: पैसे परकीय चलनात, डबिंगचा खर्च घेणाऱ्याचा आणि मुदत संपल्यावर डब ट्रॅक बऱ्याच करारांत मूळ मालकाकडे. धूम्रपानाची दृश्यं असतील तर सुरुवातीला आणि मध्यावर ३० सेकंदांचे इशारे, दृश्याखाली पट्टी. वर राजकारण आडवं येतं ते वेगळंच. झिंदगी वाहिनी २०१४ मध्ये पाकिस्तानी मालिकांवर उभी राहिली आणि २०१६ च्या सप्टेंबरात तिला त्या बंद कराव्या लागल्या.

विडीघरकुल (सोलापूर)

दुपारच्या स्लॉटचं अगदी बरोबर बोललात. आमच्या भागात टीव्ही रेडिओसारखाच चालतो.

२०१८ च्या सिनेमाचं प्रमाणपत्र बघितलं, नाव निर्मात्याच्या भागीदारी फर्मचं आहे. वाहिनी मिळेपर्यंत इथल्या स्थानिक केबल चॅनलवर एकदा दाखवावा, चार लोक बघतील, असं त्यांचं म्हणणं. चालेल का?

करारपान

नका करू. त्या सिनेमाकडे विकण्यासारखी एकच मोठी गोष्ट आहे, 'पहिल्यांदाच टीव्हीवर'. एकदा केबलवर दाखवला की ती गेली. यूट्यूबवर टाकला तरी तेच, वाहिनीचा माणूस पहिल्यांदा तिथेच शोधतो. केबलवाल्यांचा स्वतःचा चॅनल आता 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणून नोंदवावा लागतो, नोंदणी चॅनलला १,००० रुपये. पण नोंदणी असली म्हणजे सिनेमाचे हक्क आले असं नाही, ते लेखी घ्यावेच लागतात. बिनहक्काचं दाखवलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड.

आता 'ए' चं. टीव्हीवर 'ए' चालत नाही. कापाकापी करून टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, २०२३ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. अर्ज सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर, मुंबई कार्यालयाकडे. यूए (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचं) प्रमाणपत्र आता ७, १३ आणि १६ वर्षं अशा तीन पायऱ्यांत मिळतं. कट निर्मात्याने आधी स्वतः सुचवावेत. सेन्सॉरने सांगितलेले कट गोष्टीच्या वर्मावर बसतात आणि मग वाहिनी म्हणते सिनेमा तुटक झाला. कापल्यावर लांबी बघा. ९५ मिनिटांच्या खाली गेला तर दोन तासांच्या स्लॉटमध्ये टाकावा लागतो आणि मराठी वाहिनीला तो जड जातो.

भागीदारी फर्म आहे, तर करारावर सगळ्या भागीदारांच्या सह्या किंवा एकाच्या नावे अधिकारपत्र. सिनेमावर कर्ज घेतलं असेल तर सावकाराचं ना-हरकत. यात एक कागद राहिला की वाहिनीचा कायदा विभाग फाइल बाजूला ठेवतो आणि परत उघडत नाही. पैसे सहसा टप्प्यांत मिळतात: सहीला थोडे, मास्टर क्यूसीत (तांत्रिक तपासणीत) पास झाल्यावर थोडे, उरलेले हप्त्यांनी किंवा प्रसारणानंतर. 'प्रसारणानंतर' ला तारीख बांधून घ्या. वाहिनीने सिनेमा दाखवलाच नाही तर पैसे कधीच येणार नाहीत, असाही करार मी वाचलाय.

साउंडपट्टी

१९९३ च्या प्रिंटबद्दल. सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते. म्हणजे प्रमाणपत्रावर ३७०० मीटर असतील तर सिनेमा १३५ मिनिटांचा. स्कॅन करून घेतल्यावर सेकंदाला २४ चौकटींच्याच हिशेबाने १२६ भरला तर नऊ मिनिटं कुठेतरी गेली. बहुधा रिळांच्या टोकांना, जिथे प्रोजेक्टरवर तुटून जोड लागतात, नाहीतर गाण्यात. तशी फाइल क्यूसीत परत येते.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर थांबू नका, ती फिल्म आकसायला लागलीय, लगेच स्कॅन करा. आणि प्रिंटवर जाण्याआधी निगेटिव्ह कुठल्या लॅबमध्ये ठेवलं होतं ते शोधा. लॅब बंद झाली असली तरी काहींची निगेटिव्ह पुण्याच्या फिल्म संग्रहालयात गेलीत, तिथे लेखी विचारणा करता येते. निगेटिव्हवरून केलेलं स्कॅन आणि खेळून घासलेल्या प्रिंटवरून केलेलं, यात वाहिनीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

देताना फाइल १९२० बाय १०८०, २५ चौकटी, प्रोरेस किंवा वाहिनी सांगेल त्या स्वरूपात. आवाजाची पातळी बहुतेक ठिकाणी उणे २३ एलयूएफएसला बांधलेली. जुना मोनो आवाज नुसता मोठा करू नका, खरखरही तेवढीच मोठी होते. सोबत गाण्यांची क्यू शीट (यादी) द्या, गीतकार-संगीतकारांच्या नावांसकट. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरात त्यांचा रॉयल्टीचा हक्क असतो आणि वाहिनी ती यादी मागतेच.

विडीघरकुल (सोलापूर)

लांबी जुळवून बघायला सांगतो. अजून एक कागद सापडला. १९९३ ला वडिलांनी वितरकाला लिहून दिलंय, 'सर्व हक्क', मुदत लिहिलेली नाही. कोणीतरी म्हणालं मुदत नसेल तर कायद्याने पाच वर्षंच धरतात, म्हणजे हक्क आपोआप परत आले. खरं का?

करारपान

अर्धं खरं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. पण ती पोटकलमं १९९४ च्या दुरुस्तीने आली, १० मे १९९५ पासून लागू झाली, आणि त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की आधीच्या हस्तांतरणांना ती लागू नाहीत. तुमचा कागद १९९३ चा, म्हणजे पाच वर्षांचा आधार नाही.

तेव्हा तो कागद नीट वाचा. 'सर्व हक्क' च्या पुढे-मागे 'चित्रपटगृहात प्रदर्शनाचे', 'महाराष्ट्रापुरते', '३५ मिमी' असं काही आहे का? असेल तर सॅटेलाइट निर्मात्याकडे राहिलं असं म्हणायला जागा आहे. 'व्हिडिओ, टीव्ही, केबल, सॅटेलाइट' असं लिहिलं असेल तर हक्क वितरकाकडे गेले, आणि त्याच्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून हक्क सोडल्याचा लेख घ्यावा लागेल. वितरक सापडत असेल तर आधी त्यालाच भेटा. पुष्कळदा थोड्या रकमेवर किंवा विक्रीतल्या वाट्यावर सही मिळते. मोठी वाहिनी दारात आल्यावर गेलात तर तोच माणूस चौपट मागेल.

त्यानंतर निर्मात्याच्या सगळ्या वारसांची संमतिपत्रं, मृत्यू दाखला आणि मृत्युपत्र असेल तर तेही. मग खरेदीदाराचा वकील वृत्तपत्रात आणि 'फिल्म इन्फॉर्मेशन' किंवा 'कम्प्लीट सिनेमा'सारख्या व्यापारी साप्ताहिकात जाहीर नोटीस देईल. हरकतीसाठी सात ते पंधरा दिवस. त्या नोटिशीत सिनेमाचं नाव, निर्मात्याचं नाव आणि वर्ष प्रमाणपत्राप्रमाणेच छापून येईल याची खात्री करा. एका अक्षराच्या फरकावरून नोटीस पुन्हा द्यावी लागते आणि हरकतीचे दिवस पहिल्यापासून मोजले जातात.